थरावरचा गोलकीपर

आमच्या गावात फुटबॉल कोणाला येत नव्हता, पण फुटबॉलचे फॅन मात्र एका दुपारीत तयार झाले. सकाळपर्यंत ज्यांना गोलकीपरने बॉल हातात धरलेला चालतो की नाही हे ठाऊक नव्हतं, ते संध्याकाळी माझ्या भावाला डोक्यावर घेऊन पेणच्या रामवाडीत नाचत होते. त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात खूप शिव्या घातल्यात, अजून घालते. पण त्या फॅनमध्ये सगळ्यात पुढे मी होते, हे आधीच सांगून टाकते. लपवायचं तेवढं पाच वर्षं लपवून झालं.

आमचं गाव गडब, पेण आणि नागोठण्याच्या मधलं, हायवेला चिकटलेलं. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच शेतात वाल. पोरांचा खेळ म्हणजे कबड्डी, आणि गोपाळकाल्याच्या आधी महिनाभर दहीहंडीचा सराव. दादाही कबड्डीच खेळायचा. पेणच्या कॉलेजात गेल्यावर तिथल्या खेळाच्या सरांनी त्याचे लांब हात पाहिले आणि त्याला गोलात उभा केला. पहिल्यांदा तो हातमोजे घेऊन घरी आला तेव्हा आई म्हणाली, "कंपनीत लागलास की काय रे?" बाबांनी विचारलं, पळणारे दहा आणि उभा राहणारा एक, मग उभा राहणाऱ्याचं कौतुक कोण करतो? दादा म्हणाला, "कोणी नाय. गोल झाला की शिव्या मात्र मलाच." हे तो हसत म्हणाला होता.

पण फुटबॉल हे त्याचं स्वप्न वगैरे काही नव्हतं. त्याला पोलीस व्हायचं होतं. आदल्या वर्षी भरतीच्या मैदानी चाचणीत तो थोडक्यात मागे राहिला, गोळा कमी पडला. मग त्याने गोळा विकतच आणला आणि वालाच्या शेताच्या बांधावरून फेकून फेकून बाबांची बोलणी खाल्ली. पळायला तो पहाटे हायवेच्या अर्धवट राहिलेल्या पुलावर जायचा. पूल दोन्ही बाजूंनी बंद, गाडी यायची भीती नाही. सोळाशे मीटरचं माप आम्ही टेपने घेतलं होतं आणि चुन्याची रेघ ओढली होती. त्याचा मोबाइल घेऊन मी रेघेवर बसायचे आणि वेळ लावायचे. वेळ दर आठवड्याला थोडी थोडी उतरत होती. मग हॉल तिकीट आलं. मैदानाची तारीख कॉलेजच्या फायनलनंतर बरोबर पंधरा दिवसांनी होती.

आईने ते हॉल तिकीट देव्हाऱ्यात ठेवलं आणि घरात नवे कायदे सुरू झाले. दादाने मोटरसायकल चालवायची नाही, विहिरीत उतरायचं नाही, अनवाणी शेतात जायचं नाही. फायनलसुद्धा खेळू नको असं तिचं म्हणणं होतं, पण त्याने सरांना शब्द दिला होता. "खेळतो आणि सरळ घरी येतो," तो म्हणाला. मीही आईला सांगितलं, मी आहे ना बरोबर, मी बघते त्याच्याकडे.

आता बाबांचं सांगायला हवं. बाबा गावच्या दहीहंडी पथकाचे प्रमुख होते. गळ्यात शिट्टी घालून थरांच्या खाली उभे राहायचे. शिट्टीवरच थर उठायचे आणि शिट्टीवरच उतरायचे. सगळ्यात वर जो एकटा चढतो त्याला एक्का म्हणतात. बाबांचा एक नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता: एक्का चढला की ताशा बंद, बोलणं बंद, आणि त्याला कोणी हाक मारायची नाही. "हाक मारली की माणूस वळतो," ते सांगायचे. "खाली उभा असला तर नुसती मान वळते. वर असला तर सगळाच वळतो." लहान असताना मी एकदा वर चढलेल्या चुलतभावाला हाक मारली होती. तेव्हा बाबांनी सगळ्या आळीदेखत माझ्या कानाखाली वाजवली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

फायनल रोह्याला होती, सकाळी. आमच्या गावातून दोन टेम्पो भरून पोरं गेली, त्यातली निम्मी पथकातली. मॅचचं वर्णन करायला गेले तर फजिती होईल, कारण बराच वेळ मला काही कळत नव्हतं. बॉल इकडून तिकडे जात होता आणि गोल कोणालाच करता येत नव्हता. शेवटी पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा आमच्या लोकांना खेळ समजला. एक जण मारणार, एक जण अडवणार, त्यात काय कठीण आहे? दादाने दोन अडवल्या. दुसरी अडवताना तो पूर्ण आडवा झाला आणि बॉल छातीशी धरून तसाच मातीत पडून राहिला. लोक ओरडत मैदानात घुसले. मी त्याच्या पायांकडे बघत होते. तो उठला, आधी एक पाय झटकला, मग दुसरा, आणि गर्दीतून मला शोधून मान हलवली. ठीक आहे, काही लागलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. ती रोह्याची होती आणि तिचा मुलगा हरलेल्या टीममध्ये होता. तरी तिने मला पाणी दिलं.

त्यानंतर घरी यायचं होतं. एवढंच करायचं होतं.

रोह्याहून नागोठण्याला यायला खिंडीतला जवळचा रस्ता आहे, पण तिथे आमचा कप बघायला कोण उभं असणार? म्हणून मुद्दाम कोलाडला जाऊन हायवे धरला. कप टेम्पोच्या टपावर, दादा कपाशेजारी, गुलाल कुठून पैदा झाला देव जाणे. कोलाडला वडापाव खायला थांबलो तर हॉटेलवाल्याने विचारलं, "कोण निवडून आला?" एकाने सांगितलं, गोलकीपर. त्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "कुठल्या पक्षाचा?" सगळे पोट धरून हसले. दादाही हसला, त्याच्या भुवयांवर गुलाल होता आणि हातात अर्धा वडापाव. तो चेहरा मला अजून जसाच्या तसा आठवतो आणि आठवला की माझाच राग येतो.

गडबला पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. आईने ओवाळलं. बाबा वालाच्या शेतात शेंगा काढायला गेले होते. त्यांना बोलवायला माणूस धाडला, पण ते येईपर्यंत थांबायला कोणाला धीर नव्हता. पेणला कॉलेजची पोरं डीजे लावून वाट बघत होती. दादा आईला म्हणाला, मी राहतो घरी, यांना जाऊ दे. आई हो म्हणणार होती. पण पोरं म्हणाली, ज्याच्यामुळे जिंकलो तोच नाही तर मिरवायचं कोणाला? आणि मी म्हणाले, अर्ध्या तासात परत आणते त्याला. आईने माझ्यावर विश्वास ठेवला.

निघता निघता पथकातल्या एकाची नजर आमच्या पडवीतल्या मडक्यावर गेली. थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून आम्ही शेतात जाळावर भाजतो, पोपटी लावतो, त्याचं ते जाळ खाऊन काळं झालेलं मडकं. तो म्हणाला, हंडी फोडू. जानेवारी महिन्यात हंडी, तीही फुटबॉलची. जगात फुटबॉल जिंकून कोणी हंडी फोडत नसेल. पण आमच्या पथकाला आनंद झाला की थर लावल्याशिवाय चैन पडत नाही, लग्नाच्या वरातीतसुद्धा लावतात. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मडक्यात गुलाल भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं टेम्पोत चढलं. बाबांची शिट्टी तिथेच खुंटीला टांगलेली होती. ती कोणाला आठवली नाही.

रामवाडीत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दिव्याच्या खांबापासून एका हॉटेलच्या पाटीपर्यंत दोर बांधून मडकं टांगलं. पथकातला सगळ्यात थोराड पोरगा, दादाचा बालवाडीपासूनचा मित्र, दादाला म्हणाला, "आज मडकं तूच फोडायचं. दुसऱ्या कोणाचा मान नाय."

दादा म्हणाला, "पंधरा दिवसांवर ग्राउंड हाय माझं. मला खालीच ऱ्हाऊ दे."

"तीन थर हायत रे. आपण सहा लावतो. तीन म्हंजे काय?"

"नको म्हटलं ना."

एरवी एक्का म्हणून अगदी हलका गडी चढवतात. दादा चांगला भरलेला, उंच, पंचाहत्तर किलोचा. पथकातल्या कोणालाही हे कळायला हवं होतं. पण पोरांनी त्याच्या नावाचा गजर सुरू केला होता आणि डीजेवाला त्याला साथ देत होता. मीही पेणलाच शिकायचे, माझ्या वर्गातल्या मुली माझ्याभोवती उभ्या होत्या. हा माझा भाऊ आहे हे त्यांना आजच कळलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. मी पुढे झाले आणि त्याला म्हणाले, "चढ ना रे दादा. किती भाव खातोस?"

लोक हसले. दादाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, थकून बघितलं. मग खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला, बूट आणि मोजे काढून माझ्या पायाशी नीट ठेवले आणि गेला.

थर चांगला लागला, हे मी आजही कबूल करते. खालची पोरं हातात हात अडकवून, माना खाली घालून उभी राहिली. त्यांच्या खांद्यावर दुसरा थर. दादा चढला तेव्हा कोणीतरी हात वर केला आणि डीजे थांबला. बाबा नव्हते, शिट्टी नव्हती, पण एवढा एक नियम पोरांनी पाळला. एवढ्या मोठ्या रस्त्यावर एकदम शांतता झाली. दादा वर सरळ झाला, एका हातात कप, दुसरा हात मडक्याकडे. मी पानाच्या टपरीच्या कट्ट्यावर उभी राहून त्याच्याच मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. पडद्यावर मला त्याची पाठ दिसत होती. पाठ काय करायची? मला चेहरा हवा होता.

मी हाक मारली. "दादा, इकडे बघ."

तो वळला. मला शोधलं, आणि हसला. मैदानातून मान हलवली होती ना, तशीच हलवायला गेला. मग त्याचा एक पाय खालच्याच्या खांद्यावरून निसटला आणि तो बाहेरच्या अंगाला गेला. खाली झेलायला जो घोळका उभा असतो तो त्या बाजूला नव्हता, त्या बाजूला दुभाजक होता. दादा दुभाजकाच्या कडेवर टाचांवर उतरला. तो आवाज मी लिहिणार नाही. खालचे थर जागेवर उभेच होते. त्यांच्या माना खाली, वरचा गेला हे त्यांना नुसतं वजन कमी झालं म्हणून कळलं. मडकं फुटलं नाही. आणि डीजेवाल्याला वाटलं काम झालं, त्याने गाणं सुरू केलं. मागची माणसं नाचायला लागली. आम्ही दादाला उचलून रिक्षापर्यंत नेत होतो तेव्हा लोक आमच्यावर गुलाल टाकत होते.

एका टाचेला नुसता मुका मार होता. दुसऱ्या, डाव्या टाचेचं हाड चुरलं होतं. पेणच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून पनवेलला न्यायला सांगितलं. आम्ही गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो तेव्हा बाबा आले. शेतातून तसेच आले होते, पायाला माती. त्यांनी आधी दादाच्या केसांवरून हात फिरवला. मग पथकातल्या पोरांना बाहेर बोलावून विचारलं, थर बसला का? पोरं म्हणाली, नाही काका, थर उभा होता. तो आत पडला की बाहेर? बाहेर. थर कोसळला तर वरचा आत, माणसांच्या अंगावर पडतो, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. एकटा बाहेर पडला म्हणजे तो वळला.

"हाक कोणी मारली?" बाबांनी विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. "गर्दी होती काका. कोणी मारली आसंल."

मी दाराशी दादाचे बूट हातात घेऊन उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, कारण मी तसं करीन हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या वर्षी त्यांनी पथक सोडलं. शिट्टी मात्र खुंटीवरून काढली नाही.

त्याच बाकावर बसून मी दुसरी गोष्ट केली. दादाचा मोबाइल माझ्याकडेच होता आणि तो सारखा वाजत होता. कॉलेजच्या ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस. सरांनी लिहिलं होतं, कोणाकडे व्हिडिओ असेल तर पाठवा. आईचा फोन येत होता आणि ती उद्या हा मोबाइल हातात घेणार हे मला दिसत होतं. मी व्हिडिओ उघडला. तो हसतो तिथपर्यंत ठेवला, पुढचं कापलं, आणि मूळ व्हिडिओ पुसून टाकला. कापलेला सरांना पाठवला. आईसाठी केलं असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण माझा अंगठा ज्या घाईने चालत होता ती घाई आईसाठी नव्हती.

मग तो व्हिडिओ जो सुटला तो सुटलाच. कोणीतरी त्यावर ढोलाचं गाणं चढवलं, माझी हाक त्या गाण्याखाली गेली आणि मी वाचले. हातात कप, मागे संध्याकाळचं आभाळ, गुलालाने माखलेला माझा भाऊ मान वळवून हसतो. बघणाऱ्याला वाटावं की आयुष्यात याला याहून जास्त काही नको. त्याच चित्राचा फ्लेक्स रामवाडीत लागला, कॉलेजच्या ऑफिसात फ्रेम लागली. फायनलनंतर पंधराव्या दिवशी, म्हणजे ज्या सकाळी त्याला मैदानावर पळायचं होतं त्या सकाळी, दादा घरी खाटेवर होता, पायात प्लेट, खाली तीन उशा. फॅन मंडळी शाल आणि नारळ घेऊन आली. सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. प्लास्टर फोटोत येऊ नये म्हणून एकाने त्याच्या पायावर शाल पांघरली. आई चहा करत होती. देव्हाऱ्यातलं हॉल तिकीट तिने कधी उचललं कोणाला कळलं नाही.

"पुढच्या वर्षी हाय ना भरती," जाताना दादाचा मित्र म्हणाला. मनाने तो वाईट नव्हता, कोणीच नव्हतं. हाच तर माझा राग आहे. वाईट माणूस असता तर त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं पुन्हा त्या पुलावर गेलो. पूल अजून अर्धवटच होता. चुन्याची रेघ पावसात गेली होती, ती मी नव्याने ओढली. दादा पळाला. चारशे मीटरपर्यंत दात आवळून पळाला, मग चालला, मग कठड्याला धरून उभा राहिला. मी वेळ बंद केली नव्हती. तो परत येईपर्यंत आकडे पळत होते. त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला, वेळ बघितली आणि म्हणाला, "चल, आईला सांगू नको." त्यानंतर त्याने फॉर्म भरला नाही.

आता तो रोह्याकडच्या एका कंपनीच्या गेटवर असतो, ठेकेदाराकडून. गाडी आली की उठायचं, दांडा वर करायचा, वहीत नंबर लिहायचा, बसायचं. निळा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, डोक्यावर टोपी. पहिल्या दिवशी तो शर्ट घालून पडवीत आला तेव्हा आई आत निघून गेली. मी पेणला एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. दर जानेवारीत तो व्हिडिओ कोणाच्या तरी स्टेटसला येतो, खाली बदाम आणि आगीची चित्रं. गेटवर येणारे ड्रायव्हरसुद्धा कधी कधी त्याला ओळखतात. "तूच ना रे तो कपवाला?" तो मान हलवतो आणि नंबर लिहून घेतो.

या वर्षी कॉलेज पुन्हा जिंकलं, पुन्हा रोह्याला. पोरं सगळी नवी. गडबला आमच्या दारासमोर त्यांची मिरवणूक थांबली आणि दादाला बाहेर बोलावलं. दादा सेकंड शिफ्टला निघायच्या बेतात होता, निळ्या शर्टात. आमच्या अंगणात पन्नास-साठ पोरं, आणि टेम्पोवर मोठा पडदा. पोरं सरळ त्याच्या पाया पडली. "तुमचा व्हिडिओ बघून आम्ही खेळायला लागलो," त्यांचा कॅप्टन म्हणाला. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि रडूही आलं. मग त्यांना दादाला काहीतरी खास दाखवायचं होतं. कॅप्टन मोठ्या अभिमानाने म्हणाला, "गाण्याचा सगळ्यांकडे हाय, पण सरांकडून आम्ही ओरिजिनल मिळवला. बिनगाण्याचा."

मला आत जाता आलं असतं. गेले नाही मी. पडद्यावर रामवाडी आली, थर उठले, दादाची पाठ दिसली. ती शांतता अंगणात पसरली. मग त्या मोठ्या स्पीकरमधून माझा आवाज आला, कोवळा, आनंदाने फुटलेला. "दादा, इकडे बघ." पडद्यावरचा दादा वळला आणि हसला, आणि व्हिडिओ संपला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

बाबा पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, पुरतं बघितलं, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.

मिरवणूक पेणच्या दिशेने गेली. दादा पायरीवर बसून बूट घालत होता. डाव्या बुटात तो टाचेखाली स्पंजचा तुकडा घालतो, तो नीट बसेपर्यंत दोनदा काढून पुन्हा घातला.

"त्याच्या फुडचं हाय का गो तुझ्याकडं?" त्याने खाली बघतच विचारलं.

"कशाच्या पुढचं?"

"तू हाक मारलीस, त्याच्या."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याला नाही तर कोणाला माहीत असणार? हाक त्यालाच तर मारली होती. खाटेवर होता तेव्हा माहीत होतं, पुलावर माझ्या हातातून मोबाइल घेतला तेव्हाही माहीत होतं. एवढ्या वर्षांत बाबांसमोर, आईसमोर त्याने एक शब्द काढला नव्हता.

"नाय," मी म्हणाले. "पुसलं मी. त्याच संध्याकाळी, दवाखान्यात. आईला दिसू नये म्हणून." आणि मग माझ्याने राहवलं नाही. "आणि माझा आवाज."

तो बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

"मला एकदा बघायचं होतं," तो म्हणाला. "वर चढताना समदे दाखवतात मला. खाली कसा आलो ते कोणाकडंच नाय. पाच वर्सं एकेकाला विचारतोय. जो तो म्हणतो, हसलास तिथपर्यंतच हाय." तो कठड्याला धरून उठला. "पुसलंस म्हंजे झालं. मग मी पडलोच नाय."

मी त्याला डबा दिला. कंपनीची बस हायवेवर येते, आमच्या दारापासून तो रस्ता थोडा चढाचा आहे. तो डावा पाय जपून टाकत चढ चढू लागला. मला त्याला हाक मारायची होती, थांब म्हणायचं होतं, माफी मागायची होती. बाबा मागे पडवीत बसले होते. मी हाक मारली नाही.